घंटेचे माहेर

भीमाशंकराच्या देवळापुढे, शनीच्या देवळीपाशी, दोन जाड दगडी खांबांच्या मध्ये एक मोठी घंटा टांगलेली आहे. आपल्या मंडळातल्या प्रत्येकीने ती पाहिलेली आहे. शिवरात्रीला किंवा श्रावणी सोमवारी दर्शनाच्या रांगेत उभे राहून पाय दुखू लागले की नजर हटकून तिच्याकडे जाते. जवळ जाऊन निरखून पाहणाऱ्या मात्र थोड्याच. निरखून पाहिले तर तिच्या अंगावर क्रूस दिसतो आणि इंग्रजी आकड्यांतले साल दिसते. ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे आहे. शंकराच्या दारात क्रूस कसा आला, असे माझ्या थोरल्या मुलीने ती चौथीत असताना मला विचारले होते. माझ्या आईने मला जे सांगितले होते तेच मी तिला सांगितले. ही फिरंग्यांची घंटा. चिमाजीअप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिकडून आणून देवाला वाहिली.

एवढ्यावर आपल्या भागात सगळ्यांचे समाधान होते. पण ही घंटा आपल्याकडे सासरी आली, तर तिचे माहेर कसले होते, तिथली माणसे कशी होती, त्यांचे पुढे काय झाले, हे मनात येतच राहिले. म्हणून गेल्या पौषात एक दिवसाच्या सहलीचा विषय सभेत निघाला तेव्हा मी वसईचे नाव सुचवले. दोघीतिघींनी नाके मुरडली. ओझर आणि लेण्याद्री हाताशी असताना फिरंग्यांच्या मोडक्या भिंती पाहायला सहा तास गाडीत कोण बसणार, असे एक काकू म्हणाल्या. शेवटी समुद्र पाहायला मिळेल या एका मुद्द्यावर ठराव पास झाला. आपल्या डोंगरातल्या बायकांना समुद्राची ओढ फार!

एस.टी.ची गाडी ठरवून आम्ही पहाटे तीन वाजता घोडेगाव सोडले. जुन्नर मागे टाकून माळशेजच्या घाटात आलो तेव्हा अजून अंधारच होता. डाव्या हाताला त्याच रांगेत आपला नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख कोरलेला आहे, आणि सोपाऱ्याच्या एका माणसाच्या दानाचीही तिथे नोंद आहे. हे सोपारे म्हणजे वसईशेजारचे आजचे नालासोपारा. त्या काळी ते मोठे बंदर होते. तिथे उतरलेला माल कल्याणवरून नाणेघाट चढून जुन्नरच्या बाजारात यायचा. तेव्हा आमची गाडी ज्या वाटेने उतरत होती ती काही परक्या मुलखाची वाट नव्हती. आपल्या जुन्नरचे आणि त्या किनाऱ्याचे देणेघेणे फिरंग्यांचे नावही कोणी ऐकले नव्हते तेव्हापासूनचे आहे.

मुरबाड, कल्याण, भिवंडी मागे पडली आणि अंजूर फाटा लागला. गाडीतल्या बहुतेकजणी झोपल्या होत्या, पण मी त्यांना हलवून उठवले. वसईच्या मोहिमेचे मूळ या अंजूर गावात आहे. इथल्या नाईक घराण्यातले गंगाजी नाईक हे फिरंगी अमलातल्या लोकांची गाऱ्हाणी घेऊन पेशव्यांकडे गेले, आणि मोहीम ठरल्यावर वाटाड्या, बातमीदार आणि माणसे यांची जुळवाजुळव त्यांनी केली. सेनापतींची नावे आपण पाठ करतो. पण घरादाराची पर्वा न करता वर्षानुवर्षे खेटे घालणाऱ्या अशा माणसांमुळेच सेना निघतात.

आता वसई फिरंग्यांकडे आली कशी ते सांगते. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज. वसई पूर्वी गुजरातच्या सुलतानाकडे होती. सुलतान बहादूरशहाला दिल्लीच्या हुमायून बादशहाचा धाक पडला होता. पोर्तुगीजांची गलबते आपल्या बाजूला असावीत म्हणून त्याने १५३४ च्या डिसेंबरात तह करून वसई आणि आसपासची बेटे त्यांना देऊन टाकली. त्या बेटांत मुंबईही होती. पुढे १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचे लग्न इंग्लंडच्या राजाशी ठरले तेव्हा मुंबई आंदणात गेली, हे आपण शाळेत शिकलो आहोत. पण आंदणाची ही पद्धत एवढ्यापुरतीच नव्हती. पोर्तुगालच्या ज्या मुलींचे बाप राजाच्या चाकरीत मरत, त्यांना राजाच्या खर्चाने जहाजात घालून हिंदुस्थानात पाठवीत आणि त्यांच्याशी लग्न करणाऱ्याला एखादी नोकरी, नाही तर वसईकडचे एखादे गाव हुंड्यात देत. आईवेगळी, बापावेगळी पोर सहा महिने समुद्रातून येई, आणि इथे भात लावणाऱ्या कुणब्याला आपले गाव कोणाच्या तरी लग्नात देऊन टाकल्याचे मागाहून कळे. दोघांनाही कोणी विचारीत नव्हते.

किल्ल्यात आम्ही साडेनवाला पोहोचलो. किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे शिवनेरी येतो. वसईचा किल्ला तसा नाही. तो सपाटीवर आहे, आणि खरे म्हणजे तो किल्ला नसून तटाच्या आत वसवलेले अख्खे शहर आहे. तीन बाजूंना समुद्र आणि खाडी, एका बाजूला जमीन. तटाला दहा बुरूज, बहुतेक बुरुजांना एखाद्या ख्रिस्ती संताचे किंवा मेरीमातेचे नाव. जमिनीच्या बाजूने एक दरवाजा आणि समुद्राच्या बाजूने एक. आत सरळ रस्ते, चौक, बाजार, कचेऱ्या, दवाखाना, तुरुंग आणि पाद्र्यांच्या निरनिराळ्या पंथांची मोठमोठी देवळे. कॅरेरी नावाचा एक इटालियन प्रवासी १६९५ साली इथे आला होता. त्याने इथल्या रुंद आणि सरळ रस्त्यांचे वर्णन केले आहे आणि साथीच्या रोगाने शहराचा भाग ओस पडत चालल्याचेही लिहून ठेवले आहे.

आज तिथे ताडामाडांची गर्दी आहे. भिंती उभ्या आहेत आणि छपरे गेली आहेत. कमानीतून वडापिंपळाची मुळे उतरली आहेत. अंतोनीच्या देवळात शिरलो तर पायाखाली सगळ्या फरशीभर थडग्यांचे दगड. त्यांवर पोर्तुगीज अक्षरे कोरलेली आणि काहींवर घराण्यांच्या ढाली. काकूंनी लगेच चपला काढल्या. कोणाच्याही डोक्यावरून चपला घालून चालू नये, असे त्या म्हणाल्या, आणि मग आम्ही सगळ्याच अनवाणी फिरलो. सहलीला विरोध करणाऱ्या काकू त्या याच.

मला पाहायचा होता तो घंटेचा मनोरा. योसेफाच्या देवळाचा मनोरा अजून उभा आहे. हे देऊळ १५४६ साली सुरू झालेले. मनोऱ्यावर कमानी आहेत, मोकळ्या. मोठी घंटा अशाच एखाद्या कमानीत टांगतात आणि खालून दोराने वाजवतात. आपल्या देवळातली घंटा ज्याची त्याने वाजवायची असते. देवा, मी आले आहे, एवढे सांगण्यापुरती. ख्रिस्ती देवळाच्या घंटेचे तसे नाही. ती सगळ्या गावासाठी वाजते. सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला प्रार्थनेची वेळ कळवते. लग्नाला वाजते, कोणी मेले तरी वाजते. ऐकणाऱ्याला घंटेवरूनच कळते की आज गावात काय झाले. आपल्याकडे आलेल्या घंटेने अशी किती लग्ने आणि किती मरणे कळवली असतील, असे त्या रिकाम्या कमानीखाली उभे राहून मनात आले.

येशू संघाच्या पाद्र्यांचे देऊळ सगळ्यांत सुबक आहे. त्याची समोरची भिंत खांबांसकट शाबूत आहे. त्या देवळाशी गोन्सालो गार्सिया या संताचे नाव जोडलेले आहे आणि वसईचे ख्रिस्ती लोक दर वर्षी तिथे जमून त्याचा सण करतात. हा गोन्सालो वसईतच जन्मलेला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. पाद्र्यांच्या हाताखाली तो जपानला गेला, तिथली भाषा शिकला, आणि १५९७ च्या फेब्रुवारीत नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर मारले. १८६२ साली रोमच्या पोपने त्याला संत ठरवले. हिंदुस्थानात जन्मलेला तो पहिला संत. त्याच दिवशी, त्याच टेकडीवर मेलेल्यांत मेक्सिको देशातला फिलिप नावाचा एक तरुण होता. तो मेक्सिकोचा पहिला संत. कुठे वसई, कुठे मेक्सिको आणि कुठे जपान! पण समुद्रावर सत्ता असलेल्यांनी सगळे जग एका दोरीत ओवले होते.

मेक्सिकोचे नाव निघाले म्हणून सांगते. माझी एक भाचेसून नवऱ्याच्या नोकरीनिमित्त त्या देशात राहते. तिने मागे तिथल्या प्युएब्ला शहराची एक दिवसाची सहल केली आणि मला फोटो पाठवले. मेक्सिको राजधानीपासून मोटारीने दोन तासांवर हे शहर आहे. स्पॅनिश लोकांनी ते १५३१ साली वसवले, म्हणजे वसईच्या तहाच्या तीनच वर्षे आधी. तेच सरळ रस्ते, तोच मधला चौक, त्याच पंथांच्या पाद्र्यांची देवळे. फरक एवढाच की प्युएब्ला आजही भरलेले आहे. भिंतींना रंगीत नक्षीच्या फरशा बसवलेल्या आहेत, मनोऱ्यांत घंटा आहेत आणि त्या वाजतात. शेजारच्या चोलुला गावी तिथल्या मूळ लोकांचे डोंगराएवढे जुने देवस्थान होते. त्याच्याच माथ्यावर स्पॅनिश लोकांनी रेमेदिओस मातेचे देऊळ बांधले. आपल्या वसईत रमेदी म्हणून गाव आहे ते याच मातेच्या नावाचे. नाव दोन्हीकडे एकच गेले, उच्चार मात्र आपल्या लोकांनी आपला केला.

त्या प्युएब्लाच्या येशू संघाच्या देवळात एका हिंदुस्थानी बाईला पुरले आहे. तिचे नाव मिरा असे नोंदलेले आहे. लहान असताना हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून पोर्तुगीज चाच्यांनी तिला पळवले. कोचीनला तिला बाप्तिस्मा देऊन कॅटरिना नाव ठेवले. मग मनिलाच्या बाजारात तिला विकले आणि जहाजातून मेक्सिकोला नेले. प्युएब्लाच्या एका सधन घरात ती बटीक म्हणून राहिली. पुढे धन्याच्या मरणानंतर मोकळी झाली, उपासतापास करू लागली, आणि लोक तिला साध्वी मानू लागले. १६८८ च्या जानेवारीत ती तिथेच वारली. आज मेक्सिकोत बायकांचा एक मानाचा पोशाख तिच्या नावाने ओळखला जातो. तो पोशाख तिचा नव्हता, असे जाणते लोक सांगतात. तिच्या अंत्ययात्रेला सगळे शहर लोटले म्हणे. पण तिच्या आईला तिचे काय झाले ते कधी कळले असेल काय? भाचेसुनेने त्या देवळाचा फोटो पाठवला तेव्हा मी तिला लिहिले, की पुन्हा गेलीस तर माझ्या वतीने तिथे एक फूल ठेव.

या दुःखाची तक्रार वसईतही होतीच, म्हणून इथल्या पडक्या सौंदर्याने भुलून एकीकडचेच बोलणे बरे नव्हे. पोर्तुगालच्या राजाने १५५९ साली असा हुकूम काढला की हिंदूंची पोरकी मुले पाद्र्यांच्या हवाली करून त्यांना ख्रिस्ती धर्मात वाढवावे. पुढे त्याचा अर्थ ताणताणून बाप वारलेली मुलेही आई जिवंत असताना नेऊ लागले. १५६० साली गोव्यात त्यांचे धर्मन्यायालय बसले आणि त्याचा धाक वसईपर्यंत होता. देवळे पाडली. लग्नमुंजी उघड करण्याची चोरी झाली. नवरा गेल्याचे दुःख करायचे की पोराला लपवायचे, अशी पाळी ज्या बायकांवर आली, त्यांची गाऱ्हाणीच अंजूरकरांच्या हातून पुण्याला गेली असणार. चिमाजीअप्पांची मोहीम नुसत्या मुलूखगिरीची नव्हती, हे मी माझ्या मुलांना आवर्जून सांगते.

मोहीम १७३७ साली सुरू झाली. प्रथम ठाणे घेतले. वसई मात्र लगेच हाती आली नाही. दोन वर्षे लागली. १७३९ च्या आरंभी माहीम, केळवे, तारापूर ही ठाणी एकामागून एक घेतली. तारापूरला बाजी भिवराव रेठरेकरांसारखा शूर सरदार गोळी लागून पडला. फेब्रुवारीत वसईला मोर्चे लागले. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदेही येऊन मिळाले. समुद्राच्या बाजूने तट घेता येत नव्हता, खाडीच्या बाजूने चिखल. राहिली जमिनीची बाजू, आणि तिकडेच पोर्तुगीजांच्या सगळ्या तोफांची तोंडे. मराठ्यांनी तटाखाली सुरुंग खणले. मे महिन्याच्या १३ तारखेला ते उडवले तेव्हा सेबास्तियन बुरुजाकडे खिंडार पडले. काही सुरुंग उशिरा उडाले, त्यात आपलीच माणसे गेली. वरून पोर्तुगीजांनी तोफगोळे, दगड, पेटते पलिते टाकले. तीन दिवस ही झुंज चालली. चिमाजीअप्पा शेवटी इतके इरेला पेटले, की किल्ला हाती येत नसेल तर माझे डोके तरी तोफेच्या तोंडी बांधून आत उडवा, असे सरदारांना म्हणाले अशी कथा आहे. वज्रेश्वरीला नवसही त्याच वेळी बोलले आणि जिंकल्यावर वडवलीला देवीचे देऊळ बांधून फेडला.

१६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांनी पांढरे निशाण दाखवले. मराठ्यांकडचा पाच हजार माणूस कामी आला, असे आपल्याच बाजूने सांगितले गेले. पाच हजार! आंबेगाव तालुक्यातल्या कितीतरी गावांतला तरणा पुरुष एका दमात गेला तरी एवढे होत नाहीत. त्यांत मावळातले, आपल्या घाटमाथ्यावरचे किती असतील, त्यांची नावे कुठल्याही दगडावर नाहीत. पोर्तुगीजांच्या थडग्यांवर निदान अक्षरे तरी आहेत.

मला या सगळ्या इतिहासात जी गोष्ट सर्वांत मोठी वाटते ती पुढची. इतकी माणसे गमावल्यावर जिंकणाऱ्याने आत शिरून काय केले असते, हे सांगायला नको. जगात बहुतेक ठिकाणी तेच झाले आहे. चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांना आठ दिवसांची मुदत दिली. बायकामुले, चीजवस्तू घेऊन, शिपायांनी हत्यारांसकट, निशाणे फडकवीत आणि ताशे वाजवीत निघून जावे, असा करार केला. आणि जे ख्रिस्ती लोक मागे राहतील त्यांनी आपला धर्म पाळावा, हेही त्यात मान्य केले. २३ मे रोजी पोर्तुगीज बाहेर पडले. दोनशे पाच वर्षांचा संसार आठ दिवसांत आवरला. आपल्याला एक घर बदलायचे तर महिनाभर ट्रंका भरत बसतो. त्या बायकांनी काय घेतले असेल आणि काय टाकले असेल?

घंटा मागे राहिल्या. एवढ्या जड वस्तू गलबतात घालून कोण नेणार? मराठ्यांनी त्या हत्ती-बैलांकरवी आणि माणसांच्या खांद्यावरून घाट चढवून आणल्या. एक मेणवलीला वाईजवळ कृष्णेच्या घाटावर आहे. तिच्यावर १७०७ साल आहे. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, एक आपल्या भीमाशंकरला, आणि आणखीही पुष्कळ देवळांत आहेत. पितळ-काशाला त्या काळी केवढा भाव, आणि तोफा ओतायला धातूची केवढी गरज! तरी त्या वितळवल्या नाहीत. आणि मला विशेष वाटते ते हे, की त्यांच्यावरचे क्रूस छिनीने तासून काढले नाहीत. शंकराला वाहायची तर आधी ही खूण पुसा, असे कोणी म्हटले नाही. की म्हटले आणि कोणी ऐकले नाही? काही असो, पावणेतीनशेहून अधिक वर्षे क्रूस तसाच आहे आणि खाली अभिषेकाच्या रांगा चालू आहेत. आमच्या गाडीत यावरून परतीच्या वाटेवर चांगली जुंपली होती. एकीचे म्हणणे, विजयाची खूण म्हणून मुद्दाम ठेवला. दुसरीचे म्हणणे, देवाची वस्तू, तिला कोण हात लावणार. मला दोन्ही पटते. पण दुसरे जास्त पटते, कारण काकूंना चपला काढताना मी डोळ्यांनी पाहिले होते.

मागे राहिलेल्या ख्रिस्ती लोकांचे काय झाले, तेही वसईला गेल्याशिवाय कळले नसते. ते तिथेच आहेत, भरपूर आहेत, आणि मराठी आहेत. दुपारी जेवायला आम्ही एका वाडीत थांबलो. विहिरीपाशी तांबड्या चौकड्यांचे लुगडे नेसलेल्या एक आजी होत्या. त्यांची बोली आपल्यापेक्षा निराळी, चालीवर बोलायच्या, पण आम्ही त्यांना समजलो आणि त्या आम्हांला. गळ्यात क्रूस, कपाळ मोकळे. लग्नात मात्र आमच्याकडेही हळद असते, पापड-कुरडया असतात, म्हणाल्या. त्यांनी केळीच्या वाळवलेल्या सुकेळ्या दिल्या, आम्ही त्यांना बाजरीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा दिला. ठेचा खाऊन त्यांचे डोळे भरले आणि हसायला आले. ही मिरची मूळची मेक्सिकोकडची. पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे आली. पेरू, सीताफळ, अननस, काजू, बटाटा, तंबाखू हेही सगळे त्या पलीकडच्या मुलखातले. पाव, पगार, चावी, बिजागरी, घमेले हे शब्द त्यांचेच. फिरंगी गेले, पण आपल्या चुलीपाशी आणि उंबऱ्यापाशी ते अजून बसले आहेत. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले होते, हे मी आजींना सांगितले. त्या म्हणाल्या, "आम्हांला काय सांगता, बाई, आमच्याच गावाकडचे ते." २०२४ साली ते वारले.

किल्ल्यात आज चिमाजीअप्पांचा पुतळा आहे, नागेश्वराचे आणि वज्रेश्वरीचे देऊळ आहे. पण अप्पांना हा विजय फार दिवस पाहता आला नाही. थोरले बाजीराव १७४० च्या एप्रिलात गेले, अप्पा त्याच वर्षी डिसेंबरात. वसईला काही काळ बाजीपूर असे नावही दिले होते, ते टिकले नाही. आणि ज्या वसईसाठी पाच हजार माणूस पडला, तिथेच अप्पांचा चुलत नातू दुसरा बाजीराव ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह करून बसला आणि राज्य त्यांच्या हाती दिले. मध्ये गेली त्रेसष्ट वर्षे. त्या तहाबद्दल मी अधिक लिहीत नाही. लिहायला हात वळत नाही.

दोन वाजता आम्ही समुद्राच्या दरवाज्याने बाहेर पडलो. कोळणी बोंबील वाळत घालीत होत्या. समुद्र पाहिल्यावर बायका परकर-पातळे सावरीत पाण्यात धावल्या, आणि सहलीचा ठराव समुद्रासाठीच पास झाला होता हे सिद्ध झाले! चारला गाडी निघाली, रात्री अकराला घोडेगाव.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे लिहिते. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. आत सावली आहे, पण वाटेत गवत आणि काटे फार, म्हणून बंद चपला घालाव्यात. पावसाळ्यात आणि लगेच नंतर जाऊ नये, भिंतींचा भरवसा नाही. देवळांच्या भिंतींवर खडूने, कोळशाने नावे लिहिलेली आहेत, त्यांत आपल्या मुलांनी भर घालू नये. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे. पुढच्या वर्षी मेणवलीची घंटा पाहायला वाईला जावे, अशी सूचना मी चिटणीसबाईंकडे लेखी दिली आहे. तिथे समुद्र नाही, पण कृष्णा आहे. नाव नोंदवायचे असेल त्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी सांगावे. गाडी लवकर ठरवली तर भाडे थोडे कमी पडते.